सिग्नलला आपण दिसतो का?

हेदवीच्या बाजारात रस्ता ओलांडायला दिव्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु आमचे व्यापारी व कारागीर बंधू माल आणायला मुंबईला जातात, तेव्हा डोक्यावर गठ्ठा घेऊन सिग्नलपाशी उभे राहणे आलेच. म्हणून हा सिग्नल चालतो कसा, ते थोडक्यात पाहू.

बरेच सिग्नल केवळ घड्याळावर चालतात. गर्दी असो वा नसो, ठरलेले सेकंद झाले की दिवा बदलतो. काही ठिकाणी रस्त्यात चर पाडून तारेचे वेटोळे पुरलेले असते. त्यातून वीज खेळते. वर मोटार आली की तिच्या धातूमुळे त्या वेटोळ्याच्या विद्युत गुणात फरक पडतो व पेटीतील यंत्राला गाडी आल्याचे कळते. माणूस किंवा लाकडी हातगाडी मात्र त्याला सहसा कळत नाही! म्हणूनच पादचाऱ्यांसाठी खांबावर बटण असते, किंवा वर कॅमेरा बसवतात. बटण दाबताच दिवा बदलेलच असे नाही. यंत्र मागणी टिपून ठेवते व पाळी आली की वाट देते. वारंवार दाबून लाभ नाही.

पायी चालणाऱ्याची चाल साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे १८ मीटर रुंद रस्त्याला १५ सेकंद. ओझे घेऊन ०.८ मीटरने चालणाऱ्याला साडेबावीस सेकंद लागतात. तेव्हा हिरवा माणूस लुकलुकू लागला असेल, तर पाऊल टाकू नये. पुढच्या पाळीला जावे.

दुसरा कॅमेरा दंडाचा. लाल दिवा असताना गाडीने थांबरेषा ओलांडली की तो रेषेअलीकडचे व पलीकडचे छायाचित्र घेतो, नंबर वाचतो. मुंबईत ई-चलान २०१६ साली सुरू झाले. २०२१ च्या केंद्रीय नियमात अशा गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची अशी तरतूद होती. ती मोबाईलवरही येते. टेम्पोच्या नोंदणीत जुनाच नंबर असेल, तर मालकाला पत्ता लागत नाही आणि दंड साचत जातो.

तेव्हा टेम्पोमालकांनी आरटीओकडील आपला मोबाईल नंबर तपासावा. चलान आले तर आधी छायाचित्र पाहावे. गाडी आपली नसेल, तर वाहतूक पोलिसांकडे तक्रार नोंदवता येते. चालकालाही बजावावे, की रेषेअलीकडे थांबलेली गाडी दंड तर वाचवतेच, पण पट्ट्यांवरून गठ्ठा घेऊन जाणाऱ्या आपल्याच एखाद्या भावाचा जीवही वाचवते.