नंबर मिळाला, नोंद कुठे आहे?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा या तालुक्यांतली गावं ओस पडू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेले असे हजारो कोयते सांगली, सातारा, कोल्हापूरकडे, काही थेट कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा महिने, फडाशेजारच्या कोपीत राहतात. त्यांच्या आजारांची नोंद मात्र गावातच राहते. गरोदर बाईची तपासणी कधी झाली, रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, मागच्या सोनोग्राफीत काय दिसलं, हे सगळं उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये किंवा घरातल्या फळीवरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. दोन-तीनशे किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात तिचा नवा केसपेपर निघतो आणि डॉक्टर पहिल्यापासून विचारायला लागतात.

देशभर चालणारी संगणकीय आरोग्य-नोंद कोणासाठी हवी, असं मला कुणी विचारलं तर मी आधी या बाईचं नाव घेईन. शहरातल्या नोकरदाराचे रिपोर्ट मोबाइलमध्ये असतात, ठरलेला डॉक्टर असतो, विम्याची फाइल असते. नोंदीवाचून त्याचं फारसं अडत नाही. हिचं अडतं.

किती अडतं ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक महिलांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं गुंतलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, आणि ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती. नोंदवही संगणकात गेली असती तर हे टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण एका दवाखान्यातला रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरने पाहावा आणि ‘याची गरज नाही, बाई’ असं सांगावं, याला तिथे जागाच नव्हती. इतक्या शस्त्रक्रिया होत असताना एखाद्या तालुक्यात हे प्रमाण वेडंवाकडं वाढतंय, हे दाखवणारी यंत्रणाही नव्हती. पाहणी करावी लागली, तीही ओरड झाल्यावर.

१५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा केली. चंडीगड, लडाख, पुदुच्चेरीसह सहा केंद्रशासित प्रदेशांत ते आधी राबवलं गेलं आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी पाच वर्षांकरता १,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकाला ‘आभा’ नावाचा १४ आकडी क्रमांक, दवाखान्यांची एक राष्ट्रीय सूची, डॉक्टर-परिचारिकांची दुसरी, आणि या सगळ्यांना जोडणारी संमतीची यंत्रणा अशी ही रचना आहे.

या रचनेतली एक गोष्ट मला मनापासून पटते. सगळी माहिती दिल्लीतल्या एका मोठ्या संगणकात ओतायची नाही. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहील. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असेल तर रुग्णाकडे विचारणा जाईल: कोणती कागदपत्रं, कशासाठी, किती दिवसांसाठी. रुग्णाने होकार दिला तरच ती पुढे जाईल, आणि दिलेला होकार त्याला मागेही घेता येईल. ब्रिटनने २००२ मध्ये उलट्या वाटेने सुरुवात केली होती. वरून आखलेला एकच प्रचंड कार्यक्रम, मोठी कंत्राटं, आणि डॉक्टरांना शेवटी विचारणं. अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळावा लागला. आपण ती चूक केली नाही.

आपली अडचण दुसरीकडे आहे. २०२५ च्या सुरुवातीला आभा खाती ७२ कोटींच्या वर गेली होती आणि त्यांना जोडलेल्या आरोग्य-नोंदी होत्या ४६ कोटींच्या आसपास. भागाकार करून पाहा: माणशी एक नोंदसुद्धा पडत नाही. नोंद म्हणजे एखादा रिपोर्ट, एखादी चिठ्ठी, एखादा लसीचा दाखला. त्यावरून कुणाच्या तब्येतीचा इतिहास उभा राहत नाही. कोरोनाची लस घेताना ओळखीसाठी आधार दिलेल्या अनेकांना प्रमाणपत्रावर हा क्रमांक छापून आलेला दिसला, तेव्हा तो काय आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. अशा खात्यांची बेरीज किती मोठी झाली, हे यशाचं माप धरू नये. माप एकच असायला हवं: धारूरला झालेली तपासणी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या डॉक्टरसमोर उघडते का?

रांगेचा त्रास या योजनेने कमी केला, हे मात्र मान्य करायलाच हवं. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत सुरू झालेली ‘स्कॅन अँड शेअर’ सोय पुढे देशभर पसरली. भिंतीवरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपायचा, नाव-वय-पत्ता आपोआप जातो, टोकन मिळतं. ताप अंगात घेऊन केसपेपरच्या खिडकीपुढे तासभर उभं राहिलेल्यांना याची किंमत कळेल. पण केसपेपर काढणं झटपट झालं, केसपेपरवर डॉक्टरने जे लिहिलं ते कागदावरच राहिलं.

ते संगणकात जाणार कसं? २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या प्राथमिक तपासण्यांच्या वेळेचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं देतो, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात दोन मिनिटांच्या आसपास. अमेरिकेत २०१६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की डॉक्टर रुग्णासमोर एक तास बसला तर जवळजवळ दोन तास संगणक आणि टेबलावरच्या कामात जातात. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की आपल्या ओपीडीत काय होईल ते वेगळं सांगायला नको. दोन मिनिटांत तपासायचं, लिहायचं आणि टाइपही करायचं, हे कुणाही माणसाला जमणारं नाही. ओपीडीत नोंद करायला वेगळा माणूस द्यावा लागेल आणि त्याला पगार द्यावा लागेल. संगणक खरेदीची निविदा निघते तशी या पदांची जाहिरात निघत नाही. गावपातळीवर हा भार आशाताई आणि एएनएम सिस्टरवर पडतो. तीच माहिती आधी रजिस्टरमध्ये, मग एका अॅपमध्ये, मग दुसऱ्या पोर्टलवर.

आणि टाइप केलं तरी कसं केलं याला महत्त्व आहे. एक डॉक्टर ‘डीएम’ लिहितो, दुसरा ‘शुगर’, तिसरा ‘टाइप टू’. माणसाला हे तिन्ही एकच वाटतात, संगणकाला नाही. म्हणून आजार, लक्षणं, शस्त्रक्रिया यांना जगभर चालणारे संकेतांक देणारी ‘स्नोमेड सीटी’ ही पद्धत भारताने २०१४ मध्ये स्वीकारली आणि ती देशात सर्वांना मोफत वापरता येते. आरोग्य-नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय संसाधन केंद्र आहे पुण्यात, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत. राष्ट्रीय योजनेचा इतका पायाभूत भाग महाराष्ट्रात बसून चालतो, याची आपल्याकडे कुणी फारशी चर्चा करत नाही. २०१३ मध्ये पहिली आणि २०१६ मध्ये सुधारित मानकं आली. ती पाळण्याची सक्ती मात्र कुणावर नाही.

दूरवैद्यकाची, म्हणजे टेलिमेडिसिनची, कथा यापेक्षा आशादायक आहे, आणि तिचं एक वळण रत्नागिरीत आहे. तिथे सिझेरियन झालेल्या एका महिलेला घरी सोडल्यावर पुन्हा दाखल करावं लागलं. डॉक्टर बाहेरगावी होते, उपचार फोनवरून सांगितले गेले, आणि ती दगावली. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला आणि देशभरच्या डॉक्टरांना फोनवर औषध सांगायची धास्ती बसली. त्याआधी इस्रोने उपग्रहाच्या मदतीने दुर्गम रुग्णालयं शहरांशी जोडली होती, पण डॉक्टरने दूरवरून तपासणं कायद्यात बसतं की नाही, हेच स्पष्ट नव्हतं. उत्तर आलं २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी. टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी कोणती औषधं फोनवर देता येतील, कोणती व्हिडिओवर रुग्णाला पाहिल्यावरच, आणि कोणती अजिबात नाहीत, याच्या याद्या दिल्या. झोपेच्या आणि गुंगीच्या काही औषधांना बंदी राहिली. बोलणं व्हिडिओवर झालं तरी जबाबदारी डॉक्टरचीच, हेही लिहून ठेवलं.

मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली ‘ई-संजीवनी’ त्याच सुमारास मोठी झाली. तिचा खरा उपयोग उपकेंद्रावर दिसतो. समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळे ज्यांना सीएचओ म्हणतात त्या, रुग्णाचा रक्तदाब घेतात, साखर तपासतात, पडद्यावर जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरला बोलावतात आणि चिठ्ठीतली औषधं तिथेच देतात. फेब्रुवारी २०२३ पर्यंत असे १० कोटी सल्ले झाले. सल्ला घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक, ५७ टक्के, महिला होत्या. सिव्हिलला जायचं तर रोज बुडतो, सोबत कुणीतरी लागतं, गाडीभाडं लागतं. उपकेंद्र चालत जाण्याच्या अंतरावर असतं. त्या १० कोटींत जवळजवळ एक तृतीयांश सल्ले एकट्या आंध्र प्रदेशातले होते. महाराष्ट्राचे ५० लाखांच्या आत. आपल्यासारख्या राज्याला हे शोभत नाही. पोट दाबून पाहावं लागतं तिथे पडदा कामाचा नाही, आणि सीएचओंवर ‘रोज इतके कॉल’ असं लक्ष्य लादलं तर संख्या वाढेल, उपचार नाही. त्यामुळे आंध्रची नक्कल आकड्यांपुरती नको, पण पलीकडे बसलेला डॉक्टर हमखास भेटेल एवढी तरी व्यवस्था हवी.

स्थलांतर करणाऱ्याची नोंद त्याच्याबरोबर जाऊ शकते, याचा पुरावा आपल्याकडे आहेच. क्षयरोगासाठी २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय’मध्ये रुग्णाचं नाव एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येतं आणि उपचार पुढे चालू राहतात. तिथे ते जमतं, कारण त्या रुग्णाची जबाबदारी नावानिशी कुणावर तरी असते आणि पोषण आहाराचे पैसे त्याच नोंदीवरून खात्यात येतात. नोंद कुणाच्या तरी रोजच्या कामाला लागते, म्हणून ती टिकते.

आता संमतीबद्दल. कागदावर ती सुंदर आहे. प्रत्यक्षात संमती म्हणजे मोबाइलवर येणारा ओटीपी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरते असा मोबाइल सुमारे ५४ टक्के महिलांकडेच होता. उरलेल्यांचा ओटीपी नवऱ्याच्या, दिराच्या फोनवर जातो. गर्भपात, गुप्तरोग, मानसिक आजाराचे उपचार यांच्या नोंदींची किल्ली अशा वेळी कुणाच्या हातात राहते? आणि मुकादमाच्या हाती आजाराची बातमी गेली तर पुढच्या हंगामाची उचल मिळेल का? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर खंडणीखोर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि देशातलं इतकं मोठं रुग्णालय दोन आठवड्यांच्या आसपास कागदावर चाललं. त्यापेक्षा लहान रुग्णालयांत काय होऊ शकतं? आरोग्य-माहितीच्या सुरक्षेच्या स्वतंत्र कायद्याचा २०१८ चा मसुदा बाजूला पडला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, पण त्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा, अधिक कडक दर्जा नाही. माझ्या मते ही या सगळ्या उभारणीतली सर्वांत मोठी फट आहे. एस्टोनियाने २००८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य-नोंद सुरू केली, तेव्हा आपली फाइल कुणी, कधी उघडली हे नागरिकाला दिसेल अशी सोय दिली. तिथली लोकसंख्या आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढीच आहे, हे खरं. पण ही सोय द्यायला लोकसंख्या आड येत नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? आभाची योजना ऐच्छिक आहे. आभा क्रमांक नाही म्हणून कुणाला उपचार नाकारता येत नाहीत, हे खिडकीवरच्या माणसाला सांगावं लागलं तर सांगा. क्रमांक काढला असेल, तर दवाखान्यातून घरी आल्यावर अॅप उघडून त्या भेटीची नोंद आली का ते बघा आणि नसेल तर त्या रुग्णालयाला विचारा. विचारणारे वाढले की नोंद करणारा माणूस नेमावा लागेल. घरातल्या आई-बहिणीचा, बायकोचा क्रमांक तिच्या स्वतःच्या मोबाइलशी जोडून द्या. आणि तुमच्या तालुक्यात पुढच्या आठवड्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरणार असतील, तर त्यांच्या कोप्यांपासून जवळच्या उपकेंद्रात सीएचओ कोण आहेत, तेवढं त्यांना दाखवून द्या.