बांधायची की बदलायची?
दारातली गाडी : लेखांक 9

मावसभावाचा फोन आला तेव्हा तो संग्रामपूरहून शेगावला जाणाऱ्या रस्त्यावर, बाभळीच्या सावलीत उभा होता. बोनेटमधून वाफा निघत होत्या आणि मागच्या सीटवर दवाखान्यात दाखवायला निघालेली मावशी होती. गाडी टोचन करून गॅरेजला नेली. संध्याकाळी पुन्हा फोन आला. "दादा, हेड गॅस्केट गेलं म्हणते मिस्त्री. अडतीस हजार सांगते. गाडीचेच सत्तर येतात. काय करू, बांधू का इकून टाकू?"

गाडी 2011 ची, छोटी, पेट्रोलवरची. वर्षाकाठी पाच-सहा हजार किलोमीटर चालते. शेगाव, खामगाव, कधी नांदुरा, आणि वर्षातून दोनदा घाट चढून बुलढाणा.

अडतीस हजार आणि सत्तर हजार हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणीही म्हणेल, विकून टाक. मला ही तुलनाच चुकीची वाटते. ती विमा कंपनीला शोभते. अपघातात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या 75 टक्क्यांवर गेला, तर कंपनी ती गाडी पूर्ण नुकसानीत धरते, पैसे देते आणि फाइल बंद करते. कंपनीला दुसऱ्या दिवशी मावशीला दवाखान्यात न्यायचं नसतं, भावाला न्यायचं असतं. म्हणून त्याच्या अडतीस हजारांची तुलना जुन्या गाडीच्या किमतीशी करू नये. या गाडीच्या जागी जी येईल, ती वर्षाला किती खाईल, याच्याशी करावी.

सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि वरचा उपकरही गेला. त्यामुळे नवी गाडी स्वस्त झाली, हे खरं आहे. तरी धरून चालू की रस्त्यावर येईपर्यंत 6 लाख लागतील. एक लाख हातचे घातले आणि 5 लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 10,500 रुपये बसतो. वर्षाचे झाले 1 लाख 26 हजार. म्हणजे मिस्त्रीचे अडतीस हजार म्हणजे चार महिन्यांचे हप्तेसुद्धा नाहीत. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो, पण सोयाबीन आणि कपाशीचा पैसा दर महिन्याला येत नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाला पिकाच्या हिशेबाने सहामाही हप्ते मिळतात, मोटारीच्या कर्जाला सहसा मिळत नाहीत. शेतीवरच्या घरात नव्या गाडीचा खरा भार किमतीपेक्षा या दरमहाच्या तारखेचा असतो. दोन हंगाम लागोपाठ बिघडले की ती तारीख किती जड होते, हे मी आमच्याच नात्यात पाहिलं आहे.

पण हिशेब इथे संपत नाही. अडतीस हजार हा शेवटचा खर्च आहे की पहिला, हे आधी कळायला हवं.

त्यासाठी गाडीची कामं एका यादीत न लिहिता वेगवेगळी पाहावीत. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट हे झिजणारे भाग आहेत, नव्या गाडीतही झिजतील. त्यांचा खर्च जुन्या गाडीच्या माथी मारू नये. सेकंडहँड गाडी आणली तरी पहिल्या वर्षात यातलं काहीतरी घालावंच लागतं. इंजिन आणि गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी. गाडी ऑइल खाते का, मागून निळा धूर येतो का, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे का, हे गॅरेजमध्ये थोडक्या वेळात तपासता येतं. आणि सगळ्यात शेवटी पत्रा. इंजिन बांधता येतं, सडलेली चेसिस बांधता येत नाही. गाडी लिफ्टवर घेऊन खालून, सस्पेन्शन जिथे जोडलं आहे तिथला पत्रा पेचकसाने टोचून पाहावा. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने इथे वाढलेल्या गाड्यांचा पत्रा बराच टिकतो. बदली गाडी घ्यायची झालीच, तर एमएच-08 ची रत्नागिरीत मुरलेली गाडी स्वस्त दिसली म्हणून भुलू नये. 22 जुलै 2023 ला संग्रामपूर-जळगाव जामोदमध्ये पूर आला होता. त्या पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत दिसली, तरी सीटखालच्या वायरिंगमध्ये आणि सीटबेल्टच्या तळाशी गाळ सापडतो. बेल्ट पूर्ण ओढून पाहावा.

भावाला मी म्हटलं, अडतीस हजार एकदम कबूल करू नको. आधी कॉम्प्रेशन बघ, मग फक्त हेड उघडायला सांग आणि तिथे थांब. आणि विचारलं, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालतोस? तो म्हणाला, "बोरचं."

घाटाखालच्या गाड्यांचं निम्मं दुखणं इथे आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथलं बोरचं पाणी माणसाला प्यायला चालत नाही, ते आपण गाडीला पाजतो. छोट्या गाड्यांच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि क्षार ॲल्युमिनियमला खातात. पाण्याच्या वाटांभोवती खळगे पडतात, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार साचून त्या बंद होतात आणि इंजिन तापू लागतं. मे महिन्यात मलकापूर-खामगावचा पारा 43-44 वर गेला की राहिलेली कसर भरून निघते. तापलेलं हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट फाटतं. ऑइलचं झाकण उघडून खाली ताकासारखा पांढुरका फेस दिसला, तर पाणी ऑइलमध्ये शिरलं असं समजावं. मग एक किलोमीटरही पुढे चालवू नये. कूलंट तयार मिश्रणाचं घ्यावं किंवा बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळावं. काही शे रुपयांचा हा डबा वेळेवर घातला असता, तर भावावर ही वेळ बहुधा आली नसती.

गॅरेजवाल्यांना न करता येणारी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल मी आग्रही आहे. नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं, चालकासमोरची एअरबॅग जुलै 2019 पासून आणि शेजारच्या सीटचीही 2021 च्या अखेरीस. त्याआधीच्या बहुतेक साध्या मॉडेलांत यातलं काहीच नाही आणि नंतर बसवताही येत नाही. मेहकरला समृद्धी महामार्गावर चढलं की 120 ची मर्यादा आहे. तिथे गरम सिमेंटवर तासन् तास एका वेगाने धावणं आणि शेगावच्या बाजाराला जाऊन येणं, यांत फार फरक आहे. ज्या घरातली गाडी दर महिन्याला मुलाबाळांसह नागपूर-मुंबई करते, त्या घराने जुन्या गाडीचं इंजिन कितीही चांगलं असलं तरी बदलावी, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान 2019 नंतरची सेकंडहँड तरी घ्यावी. रोज राजूर घाट चढणाऱ्यांना मी ब्रेक आणि क्लचचा खर्च दुप्पट धरायला सांगेन.

"पण पंधरा वर्षं झाली की सरकार भंगारातच काढते ना?" हा भावाचा पुढचा प्रश्न, आणि तो गावोगाव विचारला जातो. तसं नाही. डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांची मर्यादा दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरती निघाली, आपण तिच्या बातम्या पाहतो. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. यालाच आपण पासिंग म्हणतो. एप्रिल 2022 पासून मोटारीसाठी याचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं, आणि 20 वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट 2025 पासून 10,000. वर राज्याचा पर्यावरण कर. मुदत संपण्याआधी 60 दिवसांपासून अर्ज करता येतो, उशीर झाला तर महिन्याला 500 रुपये दंड. भावाच्या गाडीचं पासिंग येत्या डिसेंबरात आहे, म्हणून तेही मी दुरुस्तीच्या हिशेबात धरलं. जुन्या गाडीला आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात अशा मोटारींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. या पेट्रोलासाठी रबरी इंधन नळ्या हेडच्या कामातच बदलून घ्याव्यात, मजुरी वेगळी लागत नाही.

ज्यांचा निर्णय विकण्याचा होईल, त्यांना कळकळीने सांगतो: नुसत्या स्टॅम्पपेपरवर गाडी देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 भरून आरसीवर दुसऱ्याचं नाव चढेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. गाडी चार हातांतून गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्यावरच पडली. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. तो 50 टक्क्यांपर्यंत जातो. विकताना कंपनीकडून दाखला घेतला, तर पुढच्या गाडीला लागतो. भंगारात द्यायची असेल, तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यावी. तिथल्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि करातही सवलत मिळते.

तिसऱ्या दिवशी हेड उघडलं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं होतं. हेडला तडा नव्हता, पण पाण्याच्या दोन वाटांभोवती पत्र्याला वाळवी लागावी तसे खळगे होते. मिस्त्रीने ते भरून, हेड मशीनवर सपाट करून घेतलं. रेडिएटर मात्र नवा घालावा लागला आणि बिल 41 हजारांवर गेलं. भावाने बांधायचं ठरवलं. मुलांना घेऊन समृद्धीवर या गाडीने जायचं नाही, एवढा शब्द मी त्याच्याकडून घेतला. परवा तो गाडी घेऊन आला तेव्हा डिकीतली बोरच्या पाण्याची पाच लिटरची कॅन गेलेली होती.

(पुढील आठवड्यात : पासिंगच्या दिवशी निरीक्षक गाडीत नेमकं काय पाहतो)