स्मरण हीच उपासना

नोव्हेंबर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ११ वाजता लंडनच्या व्हाइटहॉल मार्गावर एकाएकी शांतता पसरते. दोन मिनिटे कोणी बोलत नाही. १९१८ च्या ११ नोव्हेंबरला, ११ व्या महिन्याच्या ११ व्या दिवशी ११ वाजता, पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडीवरच्या तोफा थंडावल्या, त्या क्षणाची ही आठवण. हा केवळ सरकारी उपचार असता तर तो शतकभर टिकला नसता. त्याच्या मुळाशी ख्रिस्ती श्रद्धेतील स्मरणाची प्राचीन कल्पना आहे.

भोजनातील स्मरण

ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानीच स्मरण आहे. वधस्तंभावरील मृत्यूच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांसमवेत भोजन केले. भाकर मोडताना आपल्या स्मरणार्थ हे करीत जा, असे त्याने सांगितल्याचे लूकच्या शुभवर्तमानात नमूद आहे. तेथे वापरलेला ग्रीक शब्द आहे 'अनाम्नेसिस'. त्याचा अर्थ गतगोष्टींची नुसती उजळणी असा नाही. जे घडून गेले ते वर्तमानात जागे करणे, असा आहे. त्यामागे यहुदी परंपरा उभी आहे. वल्हांडणाच्या सणात यहुदी कुटुंब मिसरच्या दास्यातून झालेल्या सुटकेची कथा सांगते, ती आपण स्वतःच त्या दास्यातून बाहेर पडलो आहोत अशा भावनेने. विसरणे हा या परंपरेत केवळ स्मृतिदोष नसून कृतघ्नता ठरते.

कॅथलिक पंथीय २ नोव्हेंबरला सर्व मृतात्म्यांचा दिवस पाळतात. वसईतही या दिवशी दफनभूमीतील कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी सजतात. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चने मात्र मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा मागे टाकली होती. पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न पुन्हा उभा केला. ज्या आईचा मुलगा फ्रान्सच्या चिखलात नाहीसा झाला, तिला त्याच्यासाठी प्रार्थना करू नको असे कोणता धर्मगुरू सांगणार? युद्धकाळात त्या चर्चमध्ये मृतांसाठीच्या प्रार्थनेला पुन्हा वाट मिळाली.

निनावी सैनिकाची कबर

१९१६ मध्ये सैन्यासमवेत असलेले धर्मोपदेशक डेव्हिड रेल्टन यांना आर्मान्तिएरनजीक एका घराच्या बागेत एक कबर दिसली. साध्या लाकडी क्रुसावर पेन्सिलीने एका अज्ञात ब्रिटिश सैनिकाची ती असल्याचे लिहिले होते. त्या दृश्याने त्यांची पाठ सोडली नाही. १९२० मध्ये त्यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीच्या डीनना पत्र लिहून, अशा एका निनावी सैनिकाला ॲबीमध्ये दफन करावे असे सुचविले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला राजघराण्यातील व्यक्तींच्या शेजारी एका अनाम सैनिकाला विसावा मिळाला. कबरीत माती घातली ती फ्रान्सच्या रणभूमीवरील. तो कोण हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे, मुलगा परत न आलेली प्रत्येक आई त्याला आपला मानू शकली.

एकच आकार, एकच मान

युद्धात मृत्युमुखी पडलेल्यांच्या कबरींची व्यवस्था पाहण्यासाठी १९१७ मध्ये आयोग स्थापन झाला. आज तो राष्ट्रकुल युद्धकबर आयोग म्हणून ओळखला जातो. हुद्दा, संपत्ती, वंश वा धर्म न पाहता सर्वांना समान मान द्यावा, हे त्याचे तत्त्व. म्हणूनच सेनापती असो की शिपाई, शिळा एकाच आकाराची. मोठ्या दफनभूमींत ब्लूमफील्ड यांनी आखलेला उंच क्रूस असतो. ल्युटेन्स यांनी आखलेल्या स्मरणशिलेवर मात्र मुद्दामच कोणतेही धर्मचिन्ह नाही, कारण मृतांमध्ये हिंदू, मुस्लिम, शीख, यहुदीही होते. पुण्यातील खडकीची युद्धस्मशानभूमी याच आयोगाच्या देखरेखीखाली आहे. दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिक तेथे चिरविश्रांती घेत आहेत.

स्मरणातील उणीव

तत्त्व उदात्त होते; आचरण मात्र सर्वत्र तसे राहिले नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कूत येथील वेढ्यात अन्नान्नदशा होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी या डिव्हिजनला शरणागती पत्करावी लागली आणि पुढे कैदेत अनेकांचा अंत झाला. या आघाडीवरील मृतांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणीनिहाय केवळ संख्या. २०२१ मध्ये आयोगाच्याच अहवालाने हा भेदभाव मान्य केला. किमान १ लाख १६ हजार मृतांचे, बहुधा आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतील, नावानिशी वा मुळीच स्मरण झाले नाही. ही संख्या साडेतीन लाखांपर्यंतही असू शकते, असे त्यात म्हटले होते. आयोगाने त्याबद्दल क्षमाही मागितली.

शत्रूचेही स्मरण?

ख्रिस्ती स्मरणापुढे याहूनही अवघड प्रश्न आहे. शत्रूवर प्रीती करा असे सांगणाऱ्या गुरूचे अनुयायी आपल्या वीरांचे स्मरण करताना युद्धाचाच गौरव तर करीत नाहीत? १९८२ मध्ये फॉकलंड युद्धानंतर लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये उपासना झाली, तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी अर्जेंटिनाच्या मृतांच्या कुटुंबीयांच्या दुःखाचीही दखल घेतली. विजयोत्सवाची अपेक्षा बाळगणारे काही राजकारणी नाराज झाले. पण दुसऱ्या महायुद्धात शौर्यासाठी मिलिटरी क्रॉस मिळविलेल्या या धर्मगुरूवर भित्रेपणाचा ठपका ठेवणे कठीण होते. १९४० मध्ये बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलनेही असाच मार्ग निवडला. तेथील भग्न भिंतीवर क्षमायाचना कोरलेली आहे. मात्र ती कोणाच्या अपराधासाठी, हे लिहिलेले नाही. त्यामुळे ती वाचणाराही त्या याचनेत सामील होतो.

हुतात्म्यांचे ऋण फुलांच्या चक्राने फिटत नाही, हे ख्रिस्ती परंपरा जाणते. म्हणूनच ती दरवर्षी तेच भोजन, तीच नावे आणि तीच शांतता यांकडे परत वळते. मात्र ज्या यादीत मेसोपोटेमियातल्या मराठा शिपायाला नावाऐवजी आकड्याची जागा मिळाली, ती यादी पूर्ण होईपर्यंत हे स्मरणही अपुरेच राहील. दोन मिनिटांच्या त्या शांततेत त्याचेही नाव असायला हवे.