वखारीतले मौन

निपाणी हे नाव उच्चारले की जुन्या वाचकांना १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आठवते. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसलेले शेतकरी आणि ६ एप्रिल रोजी त्यांच्यावर झालेला गोळीबार यांची नोंद इतिहासाने घेतली. परंतु त्याच सुमारास त्याच गावातील तंबाखूच्या वखारींत स्त्रियांचाही एक लढा उभा राहत होता. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही.

तंबाखू कुटणे, चाळणे, पाखडणे ही वखारीतील स्त्रियांची कामे. त्या धुळीने डोळे चुरचुरत, घसा धरे. मजुरी अपुरी, कामाचे तास मालकाच्या मर्जीवर, आणि देखरेख करणाऱ्यांची शिवराळ भाषा व वाईट नजर ही वेगळीच. या स्त्रियांना आपल्यावरील अन्याय कळत नव्हता काय? पुरेपूर कळत होता. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हाती उद्याची चूल! तेव्हा गप्प बसणे हा भित्रेपणा नव्हता, तो रोजचा हिशेब होता. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्त्रियांची संघटना बांधली तेव्हा हा हिशेब बदलला. एकटीने तोंड उघडले तर काम जाई. हजारोंनी उघडल्यावर कोणाकोणाला काढणार? ‘युगांतर’ या चित्रपटगटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ या अनुबोधपटात ही हकीकत टिपली. ती टिपण्यापूर्वी हा गट कित्येक महिने या स्त्रियांचे बोलणे ऐकत होता, ही गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते.

आजच्या व्यवस्थापनशास्त्रात या निर्भयतेला ‘मानसिक सुरक्षितता’ असे भारदस्त नाव आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन या विदुषीने गेल्या शतकाच्या अखेरीस रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास केला. चांगल्या चमूंत औषधयोजनेच्या चुका कमी आढळतील, ही तिची अपेक्षा. आकडे उलटेच निघाले. चौकशीअंती उलगडा झाला तो असा की, तेथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे, त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. जेथे प्रमुख परिचारिकेचा धाक होता, तेथील कागद स्वच्छ होते!

स्वच्छ कागदांचा हा मोह बेळगावच्या उद्यमबागेतील किंवा आमच्या वेर्ण्यातील कारखानदारालाही सुटलेला नाही. ओतकामाचा साचा ओलसर राहिला आहे, हे सर्वप्रथम कळते ते वाळू हाताळणाऱ्या कामगाराला. त्या ओलीवर वितळलेले लोखंड पडले की वाफ कोंडते, ओतीव भागात पोकळी राहते, प्रसंगी तप्त धातू अंगावर उसळतो. “साहेब, थांबा” हे दोनच शब्द अनर्थ टाळू शकतात. पण मागच्या खेपेला असे थांबविणाऱ्याची पाळी बदलली गेली असेल, तर यंदा तो तोंड का उघडील?

येथे सूचनापेटी टांगून भागत नाही. वरिष्ठाने स्वतः कामाच्या जागी जाऊन विचारले पाहिजे, आपली चूक चारचौघांत कबूल केली पाहिजे, आणि वाईट बातमी आणणाऱ्याचे वेतन, पाळी व बढती यांना धक्का लागू देता कामा नये. हे तिसरे सर्वांत अवघड, आणि कामगार नेमके तेच पाहत असतो. याचा अर्थ शिस्त सैल सोडावी असा मुळीच नाही. कामचुकारपणाला क्षमा नसावी. प्रश्न विचारण्याला शिक्षा नसावी.

सीमाभागात यात भाषेचीही भर पडते. यंत्राची माहितीपुस्तिका इंग्रजीत, फलकावरील सूचना कन्नडमध्ये आणि कामगाराची भीती मराठीत! सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागो. भट्टीजवळच्या माणसाचे म्हणणे त्याच्या भाषेत ऐकून घेण्यास कोणत्या न्यायालयाची आडकाठी आहे?

कायदा थोडे पुढे गेला आहे, हे खरे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे कामास असतील तेथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. परंतु घरी विड्या वळून ठेकेदाराकडे नेणाऱ्या बाईचे काय? तिच्या डोळ्यांदेखत तो तिच्या विड्या खराब म्हणून बाजूला काढतो. त्या खराब नाहीत, हे तिलाही ठाऊक असते आणि त्यालाही. त्या घटकेला तिच्या शेजारी दुसरे कोणीही उभे नसते.