रेसिडेन्सी आणि ‘रेसिदेन्सिया’

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेस, कोठी भागात, उंच स्तंभांची एक भव्य वास्तू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक याने ती निजामाच्या पैशातून उभारविली. 1949 मध्ये तेथे मुलींचे महाविद्यालय आले. आज त्याचे विद्यापीठ झाले आहे. सत्तेच्या वाड्यात विद्या नांदावी, याहून चांगला शेवट कोणता? परंतु त्या वाड्याने विचारलेला प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही.

तो प्रश्न समजण्यास स्पेनच्या साम्राज्यातील एका रिवाजाकडे पाहावे. तेथील वसाहतींच्या गव्हर्नरास कार्यकाल संपताच ‘रेसिदेन्सिया’ नामक चौकशीस सामोरे जावे लागे. चौकशी जाहीर होई आणि ज्या रयतेवर त्याने अंमल गाजविला तिला तक्रार मांडण्याची मुभा मिळे. लाच आणि वशिला यांनी हा रिवाज पुष्कळदा पोखरला, हे खरे. स्पेनचे राज्य दयाळू होते असेही कोणी म्हणणार नाही. तथापि अधिकार भोगणाऱ्याने अखेर हिशेब द्यावा, हे तत्त्व तरी त्यात मान्य होते.

हैदराबादच्या रेसिडेन्सीत असली ‘रेसिदेन्सिया’ कधी भरली नाही. 1798 च्या तैनाती फौजेच्या तहानंतर निजाम नावाचा धनी उरला आणि रेसिडेंट कर्ता झाला. कर्कपॅट्रिकची चौकशी झाली. पण ती खैरुन्निसाशी त्याने केलेल्या विवाहावरून! 1853 मध्ये, ज्या फौजेवर निजामाची हुकमत नव्हती तिच्या खर्चापोटी, वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. 1902 मध्ये तर वार्षिक 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने देण्यात आला. लक्षावधी मराठी शेतकऱ्यांचे भवितव्य असे ठरले आणि त्यांना कोणी विचारले नाही. 1857 च्या जुलैत तुर्रेबाझ खान आणि मौलवी अलाउद्दीन रेसिडेन्सीवर चालून गेले. ज्यांना तक्रारीस दरबार नसतो ते दरवाजावर धडकतात.

आम्हां गोमंतकीयांस हे नवे नाही. पणजीच्या आदिलशाही वाड्यातील पोर्तुगीज गव्हर्नर लिस्बनला बांधील असे, मांडवीकाठच्या माणसाला नव्हे. 19 डिसेंबर 1961 रोजी ती सत्ता संपली.

आजचे राज्यपाल परकीय नाहीत. ते घटनेचे पाईक आहेत, आणि त्यांची तुलना रेसिडेंटाशी करणे अन्यायाचे ठरेल. पण नेमणूक दिल्लीहून, वास्तव्य राज्यात आणि जनतेपुढे जाब नाही, ही पदाची घडण विसरता येत नाही. घटनेच्या 361 व्या कलमान्वये अधिकारांच्या वापराबद्दल राज्यपाल व्यक्तिशः कोणत्याही न्यायालयास उत्तरदायी नसतात. 2023 मध्ये त्याच हैदराबादेतील तेलंगण सरकारला, विधेयके राजभवनात रखडल्याची तक्रार घेऊन सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. लोकांनी निवडलेल्या विधानसभेचा कायदा एका मेजावर किती काळ पडून राहावा?

पदाचा मान राखूनही यावर उपाय शक्य आहे. कोणते विधेयक केव्हा आले, किती दिवस थांबले व का, याचा तपशील दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याचा पायंडा पडावा. त्यात कोणाचा अधिकार हिरावला जात नाही. केवळ हिशेब मांडला जातो. जो निःस्पृहपणे वागतो त्याला हिशेबाचे भय कशाला?