सवत आणि सरकार

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने 1946 साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला, तेव्हा हिंदू विवाह कायदा होण्यास अद्याप नऊ वर्षांचा अवधी होता. तोवर पहिली पत्नी हयात असता दुसरी करण्यास हिंदू गृहस्थास कोणाचीच आडकाठी नव्हती. धर्मशास्त्राने घातलेल्या अटी इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी केवळ उपदेशवजा मानल्या होत्या. हिंदूंस मनाई आणि मुसलमानांस मोकळीक हा पंक्तिप्रपंच राज्यघटनेतील समतेच्या हमीशी विसंगत आहे, असा आक्षेप पुढे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला असता, मुख्य न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी 1951 साली तो फेटाळला आणि सामाजिक सुधारणा टप्प्याटप्प्याने आणण्यास सरकार मुखत्यार असल्याचे मान्य केले.

ते टप्पे आजही पुरे झालेले नाहीत. 1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींस आपोआप लागू होत नाही. मुसलमान पुरुषास देशाच्या बहुतेक भागांत चार विवाहांची मुभा आहे. आणि ज्या गोव्याचा समान नागरी कायद्याचा नमुना म्हणून गौरव होतो, तेथे 1880 साली पोर्तुगीज सरकारने मान्य केलेल्या हिंदू रीतिरिवाजांच्या संहितेत, पत्नीस पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्य न झाल्यास तिच्या संमतीने दुसरा विवाह करण्याची सवलत नमूद आहे. सवलत व्यवहारात मृतवत् असली, तरी गौरव करणारांनी ती एकदा वाचावी. दुसरीकडे, 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या पतीस दुसरी पत्नी असल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण हिंदूंत 1.3 टक्के, मुसलमानांत 1.9 टक्के आणि अनुसूचित जमातींत 2.4 टक्के आढळले. ज्यांना सक्त मनाई आहे आणि ज्यांना मुभा आहे, त्यांच्यातील हे अंतर सभांतील आवेशाच्या मानाने फारच तुटपुंजे आहे.

तेव्हा बहुपत्नीक विवाहास सरकारने कायदेशीर मान्यता द्यावी काय, या प्रश्नाची खरी गोम मनाई असूनही होणाऱ्या विवाहांत आहे. असा दुसरा विवाह आपल्या कायद्याने मुळातच रद्दबातल असतो, म्हणजे तो झालाच नाही असे धरले जाते. आणि जो झालाच नाही त्यातून पोटगी, वारसा वा निवृत्तिवेतन कोठून उद्भवणार? 1965 साली महाराष्ट्रातील एका द्विभार्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीस सोडून दिले, कारण त्याच्या दुसऱ्या लग्नात होमाग्नीसमोरील विधी व सप्तपदी झाल्याचे शाबीत झाले नव्हते. लग्न करावयाचे, पण अर्धवट करावयाचे, म्हणजे तुरुंगही टळतो आणि जबाबदारीही टळते, हा धडा त्यातून ज्यांनी घ्यावयाचा त्यांनी अचूक घेतला. 1988 साली महाराष्ट्रातीलच एका स्त्रीस त्याच न्यायालयाने पोटगी नाकारली. ती कायद्याच्या दृष्टीने पत्नीच नव्हती. पंचवीस वर्षांनी, 2013 मध्ये, पहिले लग्न लपवून फसविणाऱ्या पुरुषास स्वतःच्याच लबाडीचा लाभ घेता येणार नाही असे न्यायालयाने म्हटले, आणि फसविल्या गेलेल्या दुसरीस पोटगी मिळाली.

मात्र जिला सर्व ठाऊक होते तिचे काय? ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील डेंगणमाळ हे गाव काही वर्षांपूर्वी वृत्तपत्रांतून गाजले ते तेथील काही पुरुषांनी पाणी भरण्यासाठी दुसरी, क्वचित तिसरी बायको केल्यामुळे. मुंबईची तहान भागविणारे भातसा व तानसा हे जलाशय ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील हे गाव. अशी आलेली स्त्री बहुधा विधवा किंवा टाकलेली. तिला छप्पर हवे होते, घराला हंडे वाहणारी हवी होती, आणि पहिलीलाही ते चालण्यासारखे होते. येथे कोणी कोणास फसविलेले नाही. परंतु पुरुषाच्या पश्चात त्या छपराखाली राहण्याचा या स्त्रीचा हक्क कोणत्याही दफ्तरात नोंदलेला नसतो.

मान्यतेचे पुरस्कर्ते अशाच स्त्रियांकडे बोट दाखवितात, आणि त्यांचा युक्तिवाद हलका नाही. दक्षिण आफ्रिकेने 1998 च्या कायद्याने रूढिगत बहुपत्नीक विवाहांस मान्यता दिली, पण पुन्हा विवाह करू इच्छिणाऱ्या पतीने मालमत्तेच्या विभागणीचा लेखी करार न्यायालयाकडून मंजूर करून घ्यावा असा दंडक घातला. 2013 साली तेथील घटना न्यायालयाने त्सोंगा समाजापुरती पहिल्या पत्नीची संमतीही आवश्यक ठरविली. कागदावर हे सारे सुरेख आहे. तथापि केनियाच्या संसदेत 2014 साली असाच कायदा आला, तेव्हा पहिल्या पत्नीस विचारण्याची तरतूद पुरुष सभासदांनी वगळली आणि स्त्री सभासद सभागृहातून उठून गेल्या. जेथे स्त्रीची मिळकत पुरुषाच्या हाती आहे, तेथे तिच्या संमतीस किती किंमत द्यावी, हे आपल्याकडील हक्कसोडपत्रांवर बहिणींच्या सह्या कशा होतात हे पाहिलेल्या वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही.

म्हणून पुरुषास आणखी एक विवाह करण्याचा अधिकार देणारी मान्यता सरकारने देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि जेथे ती मुभा आजही आहे तेथेही ती फार काळ राहू नये. परंतु अधिकार नाकारणे निराळे आणि जबाबदारीतून मोकळीक देणे निराळे, ही सीमारेषा आपल्या कायद्याने फार उशिरा ओळखण्यास आरंभ केला आहे. रद्दबातल विवाहातील जोडीदारासही न्यायालय योग्य वाटल्यास कायम पोटगी देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या फेब्रुवारीत ठरविले. उलट निवृत्तिवेतनाच्या बाबतीत, महाराष्ट्राच्या 1982 च्या नियमांत एकाहून अधिक विधवांस समभागाची तरतूद असूनही, विवाह कायदेशीर नसेल तर दुसरीस काही मिळावयाचे नाही असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 2019 मध्ये दिला आहे. पुरुषाने संसार मांडला एवढे शाबीत झाले की पोटगी, राहते घर आणि त्याच्या कमाईतील वाटा यांचा भार त्याच्यावर पडावा, मग सात पावले टाकली असोत वा साडेतीन.

यावर पहिल्या पत्नीच्या बाजूने येणारा आक्षेप रास्त आहे: तिच्या तोंडचा घास अर्धा करून दुसरीस का द्यावा? देऊ नयेच. अशा विवाहातील संतती औरस मानली जाते, आणि तिचा वाटा एकत्र कुटुंबाच्या सरसकट मिळकतीतून नव्हे, तर काल्पनिक वाटणीत पित्याच्या वाट्याला जेवढे येईल तेवढ्यातूनच निघतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली ठरविले आहे. तोच हिशेब दुसरीच्या हक्कालाही लागू करता येईल: प्रथम पहिलीचा वाटा पूर्ण बाजूला काढावा, आणि जे देणे द्यावयाचे ते त्या पुरुषाच्या उरलेल्या हिश्श्यातून वसूल करावे.