सिंधूची पदे आणि सिंधूची जबानी

व्यसनात बुडालेल्या माणसावर जीव जडलेल्याची व्यथा पाश्चात्त्य रॉक संगीताने गायिली, त्याच्या अर्धशतक आधी ती मराठी रंगभूमीवर सुरांतून उमटली होती. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्या विदर्भातील सावनेर येथे निवर्तले, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने त्यांचा ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आणला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, आणि सिंधूच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व.

सनद तहकूब झाल्याच्या अपमानाने पोळलेला बुद्धिमान वकील सुधाकर तळीरामाच्या आग्रहाने पहिला प्याला घेतो, आणि तेथून त्या संसाराची उतरण सुरू होते. माहेरचा आसरा पुढे असूनही त्याची पत्नी सिंधू पतीचे चरण सोडण्यास नकार देते; त्या प्रसंगीचे पद आजही अंतःकरण द्रवविते. तथापि नाटकाचे मर्म मला अखेरच्या अंकात दिसते. पतीच्या काठीने घायाळ झालेली, तान्हे मूल गमावलेली सिंधू मरणाच्या दारातून फौजदाराला जबानी देते, ती पतीला निर्दोष ठरविणारी, सपशेल खोटी. व्यसनी माणसाला लोकनिंदेपासून, सावकारापासून आणि कायद्यापासून अखंड पाठीशी घालणारे प्रेम नकळत त्याच्या व्यसनाचीही राखण करीत असते. सिंधूला दोष देण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. तिच्या काळी तिच्यापुढे दुसरा मार्ग होता तरी कोणता?

गायक नील यंग याने १९७२ साली ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ हे गाणे प्रसिद्ध केले, त्यामागे हेरॉइनने ग्रासलेला त्याचा गिटारवादक मित्र डॅनी व्हिटन होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, तालमीत वाजविणे जमेना म्हणून घरी पाठविलेला व्हिटन त्याच रात्री मरण पावला. गाणे खरे होते, प्रेमही खरे होते. मित्र वाचला नाही.

सिंधूला जे मिळाले नाही ते देण्याचा प्रयत्न १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू करून केला, आणि त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य लाभले. व्यसन हा आजार आहे, आणि त्याची झळ सोसणाऱ्या पत्नीलाही आधार हवा, या जाणिवेतून तेथे ‘सहचरी’ गट उभा राहिला. नवऱ्याची उधारी आपण फेडावयाची नाही, त्याच्या गैरहजेरीसाठी खोटी कारणे सांगावयाची नाहीत, हे पत्नीने शिकणे मला औषधाइतकेच मोलाचे वाटते.

वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावात पुणे दूरच. येथील बाईच्या हाती पूर्वापार एकच उपाय होता, तो म्हणजे ‘माळ घाला’ अशी विनवणी. कारण तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू वर्ज्य होते. आता दुसराही एक उपाय कायद्याने दिलेला आहे. गावातील एकचतुर्थांश महिला मतदारांनी दारूचे दुकान बंद करण्यासाठी अर्ज केल्यास उत्पादन शुल्क खात्याला, म्हणजे पूर्वीच्या अबकारी खात्याला, गुप्त मतदान घेता येते; मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान बंद होण्यास आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडली पाहिजेत, आणि हे निम्मे एकूण महिला मतदारांचे मोजले जाते, हजर राहिलेल्यांचे नव्हे. म्हणून जिच्या घरी कोणी पीत नाही त्या शेजारणीनेही त्या दिवशी घरचे काम टाकून केंद्रावर यावे लागते.